सुट्टी कोल्हापूरला, शाळा ओस बेळगावात: पालकांशी ऑनलाइन संपर्क ठेवताना या चुका टाळा

काही वर्षांपूर्वी जुलैमधल्या एका पावसाळी रात्री ‘उद्या जिल्ह्यातील सर्व शाळांना सुट्टी’ असा मराठी संदेश माझ्या फोनवर आला आणि मी तो जसाच्या तसा वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला. संदेश कोल्हापूर जिल्ह्याचा होता. दुसऱ्या दिवशी बेळगाव तालुक्यातील आमची शाळा नेहमीप्रमाणे भरली. माझ्या वर्गात मात्र जेमतेम नऊ मुले होती आणि अक्षर दासोहच्या (शाळेतील दुपारच्या जेवणाच्या सरकारी योजनेच्या) भांड्यात भात तसाच उरला. पालकांपैकी कोणी रागावले नाही, पण पुढे महिनाभर माझ्या प्रत्येक सूचनेखाली ‘सर, नक्की ना?’ असा प्रश्न येत राहिला. प्रोफाइलवरचा फोटो आणि पदव्या पालक एकदा पाहतात. त्यांच्या लेखी शिक्षकाची खरी ऑनलाइन ओळख त्याच्या सूचनेच्या भरवशावर ठरते, हे मला त्या प्रश्नामुळे कळले.

दोन राज्यांची सरमिसळ

सीमाभागातील ही चूक सर्वांत महाग पडते, कारण आपल्या फोनवर येणारी मराठी माहिती बहुतांशी महाराष्ट्रातून येते आणि शाळा मात्र कर्नाटकाच्या वेळापत्रकावर चालते. आपल्याकडे मे संपता संपता शाळा उघडतात, तर महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी त्या जूनच्या मध्यावर सुरू होतात. आपली मधली मोठी सुट्टी दसऱ्याची, तर त्यांची दिवाळीची. दहावीचा घोळ याहून मोठा आहे. आपली मुले एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकाच्या दहावीच्या परीक्षेला, बसतात आणि २०२४ पासून या परीक्षेच्या एकाच वर्षात एकाहून अधिक फेऱ्या होतात, त्यामुळे महाराष्ट्राच्या एसएससीविषयीचा ‘दहावीचा निकाल उद्या’ हा संदेश गटावर पडला की शिक्षकाचा फोन दिवसभर वाजत राहतो.

जिल्ह्याच्या आतही भेद आहेत. बेळगाव महसूल जिल्ह्यात बेळगाव आणि चिकोडी असे दोन शैक्षणिक जिल्हे असल्याने निपाणीच्या शिक्षकाला लागू असलेले परिपत्रक खानापूरच्या शिक्षकाला लागू असेलच असे नाही. अतिवृष्टीची सुट्टीही कधी कधी तालुक्यापुरतीच असते. खानापूर तालुक्यातील कणकुंबी-जांबोटीकडे ओढे भरून वाहत असताना शहरातील शाळा सुरू असू शकतात. म्हणून आलेला संदेश पुढे ढकलण्याऐवजी सूचना स्वतःच्या शब्दांत लिहावी, आणि तीत आदेश कोणाचा, तो कोणत्या तालुक्यासाठी आहे आणि कोणत्या तारखेचा आहे, हे स्पष्ट असावे. चुकीची सूचना गेलीच, तर ती गुपचूप पुसून टाकू नये. ‘सर्वांसाठी हटवा’ ही सोय जेमतेम अडीच दिवस चालते आणि तोवर संदेश दहा ठिकाणी पोहोचलेला असतो, त्यामुळे त्याच जागी ‘आधीची सूचना चुकीची होती’ असे लिहिणे अधिक उपयोगी पडते.

शिक्षण खात्याची परिपत्रके कन्नडमध्ये येतात. त्यांचा फोटो मराठी पालकांना पाठवून मोकळे होणे, किंवा यंत्राने केलेले भाषांतर न तपासता पाठवणे, या एकाच चुकीच्या दोन बाजू आहेत. तारीख, कागदपत्रे आणि शेवटची मुदत एवढेच मराठीत लिहिले तरी पुरते. वर्गात कन्नड घरची मुले असतील, तर कन्नड शिकवणाऱ्या सहकाऱ्याकडून दोन ओळी लिहून घ्याव्यात. ते पालक आपल्याला ही गोष्ट कधी सांगत नाहीत, पण लक्षात ठेवतात.

संदेश पाठवला, पण पोहोचला नाही

‘आम्हाला काहीच कळले नाही’ असे पालक सभेत म्हणतात, तेव्हा ते टाळाटाळ करत आहेत असे गृहीत धरण्यापूर्वी काही गोष्टी तपासाव्यात. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीतून (एकच संदेश अनेकांना वेगवेगळा पाठवण्याच्या सोयीतून) पाठवलेला संदेश फक्त त्याच पालकांना मिळतो, ज्यांनी आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये जतन केला आहे, आणि अशा एका यादीत २५६ पेक्षा जास्त जण बसत नाहीत. पहिल्या पालक सभेतच सर्वांकडून तिथल्या तिथे नंबर जतन करून घेतला, तर निम्म्या तक्रारी मिटतात.

दुसरे कारण घरातच असते. खानापूर भागात कितीतरी वडील कामासाठी गोव्याला असतात. स्मार्टफोन त्यांच्याजवळ असतो, आईकडे साधा बटणांचा फोन असतो आणि मूल आईजवळ असते. प्रवेशाच्या वेळी एकच नंबर लिहून घेतला, तर सूचना पणजीत वाचली जाते आणि मूल गृहपाठाविना शाळेत येते. म्हणून प्रत्येक मुलामागे दोन नंबर घ्यावेत आणि साध्या फोनवाल्या घरांसाठी एसएमएस किंवा शेजारचे एखादे मूल असा मार्ग ठरवून ठेवावा. पावसात वीज आणि रेंज दोन्ही जातात, त्यामुळे सकाळी सात वाजता ‘आज अमुक वस्तू आणावी’ असे कळवणे म्हणजे न कळवण्यासारखेच आहे.

तिसरे कारण अक्षरांचे. जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल पालकांच्या फोनवर नुसत्या चिन्हांच्या रांगा दाखवते. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही फोनवर नीट दिसणाऱ्या अक्षरांत, टाइप करावा, अथवा फाइल पीडीएफ करून पाठवावी. आणि महत्त्वाची सूचना केवळ चित्ररूपात असू नये, कारण महिन्याने ती शोधायची म्हटले तर शब्दावरून सापडत नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारे किंवा वडगावात मागावर बसणारे पालक लांबलचक मजकूर वाचत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. त्यांच्यासाठी एका मिनिटाच्या आतला आवाजी संदेश उत्तम, मात्र त्याखाली तारीख लिहिलेली असावी.

गटावर येऊ नये ते

‘आधारची प्रत पाठवा’ असे शिक्षक गटावर लिहितात आणि पाच मिनिटांत वीस कुटुंबांची आधार कार्डे सर्वांच्या फोनमध्ये उतरतात. अशी मागणी खासगी संदेशातच करावी. आणि कोणी गटावर टाकलेच, तर ॲडमिनला दुसऱ्याचा संदेशही हटवता येतो, तो तत्काळ हटवावा. गुणांची यादी आणि सॅट्स क्रमांक (शिक्षण खात्याच्या नोंदीतला विद्यार्थ्याचा क्रमांक) यांनाही हाच नियम लागू करावा. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो आणि त्याच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीचे तत्त्व मांडतो. फेसबुक पानावर स्नेहसंमेलनाचे फोटो टाकण्यापूर्वी लेखी संमती घ्यावी, आणि फोटोखाली मुलाचे पूर्ण नाव व गाव एकत्र देऊ नये.

साध्या गटात प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो, ही गोष्ट अनेक आयांना खटकते, पण त्या बोलत नाहीत. त्या नुसत्या गट सोडून जातात. व्हॉट्सॲपवरच्या ‘कम्युनिटी’ या सोयीतील घोषणा-गटात सदस्यांचे नंबर एकमेकांना अनोळखी राहतात, म्हणून सूचनांसाठी तो अधिक सोयीचा आहे. बंद पडलेला नंबर काही काळाने दुसऱ्याच ग्राहकाला मिळतो, त्यामुळे वर्षातून दोनदा यादी तपासली नाही तर आपल्या गटात एखादा परका माणूस निवांत बसलेला असतो.

पानावर नाव लिहिताना

येथे थोडक्यातच सांगण्यासारखे आहे. शहराचे नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृतरीत्या बेळगावी झाले असले, तरी शोधणारे दोन्ही नावांनी शोधतात, म्हणून परिचयात जुने व नवे अशी दोन्ही रूपे असावीत. शाळेतील नोकरी आणि घरच्या शिकवणीची जाहिरात एकाच पानावर तर कधीच नको. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे २८ वे कलम शिक्षकाला खासगी शिकवणी घेण्यास मनाई करते, आणि अशी जाहिरात हा स्वतःविरुद्ध स्वतःच दिलेला पुरावा ठरतो. सीमाप्रश्नावर प्रत्येकाचे मत असते. वर्गाच्या गटात मात्र दोन्ही भाषांची घरे असतात, आणि सरकारी शिक्षकाला सेवेचे वर्तणूक नियमही लागू असतात.

आपला फोटो लावून कोणी बनावट खाते काढले आणि पालकांकडे पैसे मागितले, तर खऱ्या नंबरवरून सर्वांना लगेच कळवावे, खात्याविरुद्ध तक्रार नोंदवावी आणि कोणाचे पैसे गेले असल्यास १९३० या सायबर मदत क्रमांकावर विनाविलंब फोन करण्यास सांगावे. ‘मी फोनवर कधीही पैसे मागणार नाही’ ही ओळ गटाच्या वर्णनात आधीपासूनच असलेली बरी.

उन्हाळी सुट्टी लागली की जुना गट तसाच सोडून देण्याची चूक जवळपास सर्वच जण करतात आणि जूनपर्यंत त्यात कर्जाच्या जाहिराती व सुप्रभात एवढेच उरते. निकालानंतर गटात फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल असे करावे, पुढच्या वर्गशिक्षकांचे नाव व शाळेच्या कार्यालयाचा क्रमांक देणारा शेवटचा संदेश टाकावा, आणि दाखले नेऊन झाले की महिन्याभराने गट बंद करावा.