घरातल्या ज्येष्ठांच्या मेंदूसाठी आहार: या चुका टाळा

आई दुपारची झोपून उठली आणि मलाच विचारू लागली, "तू कधी आलीस गं?" मी सकाळपासून घरातच होते. तिचं वय ७८. स्मृतिभ्रंश हा शब्द कुणी उच्चारला नाही, पण सगळ्यांच्या मनात तोच आला. तपासणीत रक्तातलं सोडियम फार खाली गेलेलं निघालं. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू होती आणि आम्ही काळजीपोटी तिचं जेवण जवळजवळ अळणी करून टाकलं होतं. उपचार झाले आणि काही दिवसांत ती पूर्वीसारखी बोलू लागली.

तेव्हापासून सगळ्यांना सांगते: म्हातारं माणूस एकाएकी गोंधळलं तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. सोडियम, साखर, पाणी कमी पडणं, लघवीचा संसर्ग, अगदी पक्षाघातसुद्धा, कारण काहीही असू शकतं. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मिठाचं प्रमाण आधी नीट समजून घ्या. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक सपाट चमचा. वाढलेला रक्तदाब मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या खराब करतो, त्यामुळे मीठ कमी हवंच. पण आधी पापड, लोणचं, फरसाण आणि खारी काढा. वरणातलं चिमूटभर मीठ काढून जेवणावरची वासनाच घालवू नका. सैंधव हेही सोडियमच. आणि 'लो-सोडियम' मिठात पोटॅशियम असतं, ते मूत्रपिंडाच्या रुग्णांना आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना धोक्याचं ठरू शकतं.

शाकाहारी घरात सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते बी१२ या जीवनसत्त्वाकडे. दूध, दही, अंडी, मासे, मांस यांतून ते मिळतं. पालक, बीट, मोडाची मटकी, बदाम यांत ते नसतं, आणि स्पिरुलिना या शेवाळाच्या पुडीतलं बहुतांश बी१२ शरीराच्या कामी येत नाही. उतारवयात पोटातलं आम्ल घटतं, म्हणून अन्नातलं बी१२ नीट सुटत नाही, शोषलं जात नाही. त्यात मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा पित्तासाठीची पँटोप्राझोल, ओमेप्राझोल वर्षानुवर्षं चालू असेल तर आणखी तूट. तळपायाला मुंग्या, अंधारात तोल जाणं, चिडचिड, विसर पडणं ही त्याची लक्षणं. आपण मुंग्यांना वाताचं नाव देतो आणि विसरण्याला वयाचं. साधी रक्ततपासणी करून घ्या. लवकर कळलं तर गोळ्या-इंजेक्शनांनी बरंच भरून येतं. उशीर झाला तर मज्जातंतूंचं नुकसान कायमचं राहू शकतं. बी१२ न तपासता नुसती फॉलिक अ‍ॅसिडची गोळी सुरू करू नका. रक्त सुधारलेलं दिसतं आणि मज्जातंतूंची झीज आतल्या आत चालूच राहते.

रात्रीचं जेवण हाही मोठा घोळ. "मला भूक नाही, चहा-बिस्कीट पुरे" असं आजोबा म्हणतात आणि आपण ऐकतो. बऱ्याचदा भूक असते, पण कवळी टोचते, भाकरी चावत नाही, आणि एकट्याने ताटावर बसणं नको वाटतं. ज्येष्ठांना किलोमागे साधारण १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत. ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. एका अंड्यात सहाच ग्रॅम असतात, तेव्हा हिशेब करून बघा. मऊ मुगाची खिचडी आणि वाटीभर दही, घट्ट वरणात कुस्करलेली पोळी, पनीरची भुर्जी, काटे काढलेला बांगडा, असं काही रोज पोटात जायला हवं. (मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा.)

मासे खाणाऱ्यांनी बांगडा-तारली कडकडीत तळण्याऐवजी कालवणात किंवा तिरफळाच्या हुमणात घालावी. जवस अख्खे गिळले तर तसेच बाहेर पडतात. भाजून, कुटून चटणी करा. अक्रोड मेंदूसारखा दिसतो, पण तेवढ्याने स्मरणशक्ती वाढत नाही. तरी तो चांगलाच आहे, मूठभर खा.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेऊन एकादशीला निराहार राहणं मला फार धोक्याचं वाटतं. साखर फार उतरली तर मेंदूला थेट इजा होऊ शकते. श्रद्धेचा मान ठेवून, उपासाच्या आधीच डॉक्टरांशी गोळ्यांबद्दल बोला.

स्मरणशक्तीच्या महागड्या कॅप्सूलवर पैसे घालवण्याआधी हे वाचा. गिंकगो या झाडाच्या पानांच्या अर्कावर अमेरिकेत तीन हजारांहून जास्त ज्येष्ठांवर मोठा अभ्यास झाला, २००८ मध्ये निष्कर्ष आले: स्मृतिभ्रंश टळला नाही. शिवाय रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसोबत त्याने रक्तस्राव वाढू शकतो. उलट फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १,२६० जणांपैकी साधारण निम्म्यांना आहार, व्यायाम, मेंदूचे सराव आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष असं सगळं एकत्र दिलं. दोन वर्षांनी त्यांची आकलनक्षमता तुलनेतल्या गटापेक्षा चांगली होती. तो अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. एका पदार्थाच्या मागे लागू नका, असं मी म्हणते ते यावरून.

या आठवड्यात एवढं करा: आई-बाबांनी तीन दिवस काय काय खाल्लं-प्यायलं ते वहीत लिहा, चहाचे कपसुद्धा. वजन करून त्याखाली टाका. प्रयत्न न करता सहा महिन्यांत तीन-चार किलो उतरलं असेल, ब्लाउज किंवा पायजमा ढिला झाला असेल, तर वही आणि चालू गोळ्यांची सगळी पाकिटं घेऊन डॉक्टरांकडे जा.