स्टोनवेअरचं भांडं ओव्हनमध्ये वापरताना

‘स्टोनवेअर म्हणजे कडक भाजलेल्या मातीचं भांडं, ते भट्टीत १२०० अंशांच्या आसपास भाजलेलं असतं, घरच्या ओव्हनचे २२० अंश त्याला काय करणार?’ हा सल्ला ऐकून लोक भांडी फोडतात. उष्णता ते सोसतं. तापमान एकदम बदललेलं मात्र त्याला सोसत नाही.

नवं भांडं धुऊन पूर्ण कोरडं करा. आतून झिलई (काचेसारखा चकचकीत थर) नसेल तर तेलाचा पातळ हात फिरवा. फ्रीजमधलं भरलेलं भांडं आधी बाहेर काढून ठेवा, त्याचा गारवा गेल्यावरच ओव्हनमध्ये घाला. गॅसच्या आचेवर किंवा ग्रिलखाली ठेवूच नका. रिकामं तापवायचं असेल तर बनवणाऱ्याच्या सूचना आधी वाचा.

खरी कसोटी बाहेर काढताना लागते. सगळं लक्ष केक फुगला का याकडे असतं आणि भांडं हाताला येईल तिथे टेकवलं जातं. माती उष्णता सावकाश वाहून नेते. त्यामुळे गार ग्रॅनाइटच्या किंवा ओल्या ओट्यावर टेकवताच तळ आकसतो, आतला भाग मात्र गरम आणि प्रसरण पावलेलाच राहतो. या ओढाताणीत तडा जातो. कधी तो लगेच दिसतो, तर कधी भांडं पुढच्या वेळी ओव्हनमध्येच दुभंगतं.

म्हणून ओव्हनचं दार उघडण्याआधीच जागा तयार ठेवा: लाकडी पाट किंवा जाड घडी केलेलं कोरडं फडकं. ‘कोरडं’ यावर मी अडून बसते. ओलं फडकं भांड्याला घातक आणि तुमच्या हातालाही, कारण ओल्या कापडातून चटका झपाट्याने पोचतो. गरम भांड्यात गार दूध, पाणी किंवा सॉस ओतू नका. लागलंच तर गरम करून घाला. चिकटलेलं लवकर सुटावं म्हणून नळाखाली धरणं तर साफ चूक.

स्टोनवेअर बराच वेळ गरम राहतं आणि पदार्थ आत शिजत राहतो, म्हणून तो जरा आधीच काढा.

भांडं पूर्ण निवल्यावर कोमट पाण्याने धुवा. बिनझिलईच्या भांड्याला साबण लावू नका, त्याचा वास मातीत मुरतो. चिकटलेलं काढायला खाण्याचा सोडा आणि मऊ घासणी पुरते.

अधूनमधून बोटाच्या पेराने काठावर टिचकी मारा. एरवी खणखणीत वाजणारं भांडं बद्द वाजलं, तर उजेडात धरून केसासारखी भेग शोधा. सापडली, तर ते ओव्हनमध्ये पुन्हा घालू नका.