जोधपूरच्या फील्डआधी मसाई पठार बघून या

जिऑलॉजीला आलेल्या पोरांना राजस्थानच्या फील्डचे, म्हणजे दगड बघायच्या अभ्याससहलीचे वेध पहिल्या दिवसापासून लागतात. सर आधी पन्हाळ्याकडे नेतात तेव्हा सगळे हिरमुसतात. मला विचाराल तर सरांचंच बरोबर आहे.

कोल्हापूरकर काळ्या दगडावरच वाढतो. पंचगंगेचा घाट काय, जोतिबाचं देऊळ काय, सगळा बेसॉल्ट. पण वाढणं वेगळं आणि बघणं वेगळं. पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर जांभ्याच्या टोपीखाली लाव्हाचे थर कसे बसलेत ते चालत उतरून पाहा. बांदिवड्याला बेसॉल्टचे उभे खांब आहेत, तेही बघा. हे डोळ्यांत बसलं असेल तरच जोधपूरला गेल्यावर फरक कळतो, नाहीतर किल्ल्याचे फोटो काढून परत याल.

जोधपूरचा मेहरानगड ज्या टेकडीवर आहे तिथला दगडही ज्वालामुखीचाच, पण तांबूस-तपकिरी रायोलाइट. त्याचं वय साधारण 75 कोटी वर्षं. आपला दख्खनचा बेसॉल्ट त्यापुढे पोरगेला, 6.6 कोटींच्या आसपासचा. खरी मेख सिलिकात आहे, म्हणजे लाव्हा दाट करणाऱ्या घटकात. बेसॉल्टमध्ये तो 50 टक्क्यांच्या आगेमागे, रायोलाइटमध्ये 70 च्या वर. गुऱ्हाळावर काहिलीतली गरम काकवी आणि वाफ्यात घट्ट होत आलेला गूळ, एवढा फरक समजा. पातळ लाव्हा लांबवर पसरला म्हणून आपल्याकडे डोंगरांना पायऱ्या आल्या. दाट लाव्हात वायू कोंडले, स्फोट झाले, तापलेली राख पडून जागीच चिकटली. तो वेल्डेड टफ. जोधपूरचा टफ राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे, तेव्हा तिथं हातोडा पिशवीतच ठेवायचा. भिंग मात्र काढा. राखेत चेपून चपट्या झालेल्या प्युमिसच्या, म्हणजे फेसाळ ज्वालामुखी दगडाच्या, रेघा दिसतात. त्या कुठल्या दिशेला आडव्या आहेत ते आधी वहीत उतरवा, नाव नंतर द्या.

गडाला लागून राव जोधा डेझर्ट रॉक पार्क आहे. तिथं गाइड घेऊनच फिरा, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. या टेकडीवर विलायती बाभळीनं ठाण मांडलं होतं. ती मुळासकट काढायला खंडवालिया समाजाचे खाणकामगार आणले होते. ही माणसं दगडावर ठोकून आवाजावरून भेग ओळखतात आणि तिथंच खोदतात. आपण दिशा आणि उतार मोजणारा ब्रंटन कंपास घेऊन जॉइंट, म्हणजे दगडातल्या भेगा, मोजत बसतो, ते कानानं शोधतात! इथल्या रायोलाइटलाही खांब पडलेत. खांब थंड होणाऱ्या पृष्ठभागाला काटकोनात वाढतात हे ध्यानात ठेवा आणि बांदिवड्याच्या नोंदीशेजारी याचं रेखाटन काढा. व्हायव्हाला हा प्रश्न हमखास येतो.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो रायोलाइट आणि वरच्या जोधपूर वालुकाश्माच्या सीमेला. एका हाताचा तळवा खालच्या दगडावर आणि दुसऱ्याचा वरच्यावर ठेवता येतो, पण मधल्या दहा कोटींहून जास्त वर्षांची नोंद गायब. आपल्या सह्याद्रीत झाडी आणि मातीखाली अशा सीमा शोधताना जीव जातो. वाळवंटात त्या उघड्या पडलेल्या असतात. एवढ्या लांब जायचं ते याचसाठी.

बाकी तयारी थोडक्यात. मिरजेहून जोधपूरला थेट गाडी आहे, तिकीट वेळेत काढा. डिसेंबर-जानेवारीत जा, पहाटे स्वेटर लागतो आणि दुपारी टोपी. पातळ तळव्याचे बूट नकोत, बाभळीचा काटा आरपार येतो. नमुना घ्यायला परवानगी असेल तिथं दगडावर आणि पिशवीवर, दोन्हीकडे नंबर टाका. फोटोत पट्टी किंवा पेन ठेवा, नाहीतर खांब बोटाएवढा की माणसाएवढा हे तुम्हालाच नंतर सांगता येणार नाही.

रिपोर्ट मात्र मुक्कामावरच रोज रात्री लिहा. परतीच्या गाडीत सगळे पत्ते कुटतात. आणि सीनियरच्या रिपोर्टवरून उतरवू नका. सरांना तो तोंडपाठ असतो. पुढं यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा देऊन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात जायचं असो की भूजल खात्यात, मुलाखतीत फील्डबद्दल विचारतातच. तेव्हा स्वतःच्या वहीतलं रेखाटन आठवतं, झेरॉक्समधलं नाही.