शेणभुंगे ओळखताना

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यात मृगाचा पाऊस पडला की गाई-म्हशींच्या शेणाच्या पोमध्ये भुंग्यांची लगबग सुरू होते. ताजा पो खालच्या मातीसह पाण्याच्या बादलीत सोडल्यास भुंगे आपोआप वर तरंगतात. मात्र पो उचलण्यापूर्वी त्यांची वागणूक अवश्य नोंदवावी, कारण गोळे घरंगळत नेणारे, पोखालीच बीळ खणणारे आणि शेणातच राहणारे असे तीन गट तिथेच वेगळे होतात.

नंतर भिंगातून मागच्या पायाची नडगी पाहावी. तिच्या टोकाला एकच काटा असून पोटाचे शेवटचे खवल्यासारखे टोक पंखकवचाबाहेर (पाठ झाकणाऱ्या कठीण पुढच्या पंखांबाहेर) उघडे दिसत असेल, तर तो खरा शेणभुंगा. दोन काटे असतील आणि ते टोक झाकलेले असेल, तर तो ॲफोडियस या वेगळ्या भुंगेगटातला समजावा.

खऱ्या शेणभुंग्यांच्या प्रजातीसमूहांपैकी (जवळच्या जातींचा गट, म्हणजे जीनस) जिम्नोप्ल्यूरस सर्वांत सोपा, कारण त्याच्या पंखकवचाच्या कडेला खांद्यामागे स्पष्ट खाच असते. सिसिफस लहान, पण मागचे पाय लांबलचक. ऑन्थोफॅगसमध्ये मात्र घाई करू नये: शिंगे बहुधा नरालाच असतात आणि खुरटलेल्या नराची शिंगे इतकी आखूड असतात की तो वेगळ्याच जातीचा वाटतो, म्हणून नेमकी जात ठरवताना नराचे जननांग तपासणेच विश्वसनीय ठरते.