आपत्तीत ताबा कोणाकडे? मदतकार्यात या चुका टाळा

बडोद्यात मदतीला धावणाऱ्या माणसांची वानवा कधीच नसते. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीनं ३५ फुटांची पातळी ओलांडली, तेव्हा महापालिकेचं अग्निशमन दल, एसडीआरएफ आणि एनडीआरएफ ही राज्याची आणि केंद्राची आपत्ती दलं, लष्कर, वस्तीत शिरलेल्या मगरी पकडणारं वनखातं आणि जोडीला मंडळांची, सोसायट्यांची पोरं असे सगळे एकाच वेळी कामाला लागले होते. इतके हात एका जागी येतात तेव्हा कोण कोणाचं ऐकणार, म्हणजे ताबा कोणाकडे, यावर सगळं अवलंबून असतं. कारखान्यांच्या पट्ट्यात सुरक्षेचं काम करताना आणि आता मंडळांच्या मुलांकडून मॉकड्रिल करून घेताना मला त्याच त्या चुका दिसतात. त्या टाळणं अवघड नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी पद्धतीबद्दल थोडं. १९७० मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात वणवे पेटले, १३ दिवसांत १६ माणसं गेली. नंतर तपासलं तेव्हा बंब आणि माणसं कमी पडण्यापेक्षा वेगळ्याच गोष्टी समोर आल्या. प्रत्येक खात्याचा वायरलेस वेगळा, एकाच वस्तूला चार नावं, एका अधिकाऱ्याच्या हाताखाली झेपणार नाहीत इतकी माणसं आणि सगळ्यांचा मिळून एक आराखडा नाही. त्यातून जी कमांडची पद्धत घडली, तिचं भारतीय रूप राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं जुलै २०१० मध्ये मार्गदर्शक सूचना म्हणून काढलं. इन्सिडेंट रिस्पॉन्स सिस्टिम, म्हणजे आयआरएस. जिल्ह्यात जिल्हाधिकारी हे जबाबदार अधिकारी. त्यांच्या हाताखाली इन्सिडेंट कमांडर. कमांडरच्या खाली तीन विभाग: प्रत्यक्ष काम करणारा ऑपरेशन्स, पुढचा विचार करणारा प्लॅनिंग, आणि सामान, जेवण, डिझेल, खर्च बघणारा लॉजिस्टिक्स. शिवाय कमांडरच्या शेजारी तिघे: सुरक्षा बघणारा, माहिती देणारा आणि इतर खात्यांशी दुवा ठेवणारा. चाळीस फ्लॅटच्या सोसायटीत हीच कामं तिघांत वाटून होतात. माणसं कमी असली तरी चालतं, पण काम कोणाचं हे ठरलेलं हवं.

पहिला माणूस ताबाच घेत नाही

घटनास्थळी सगळ्यात आधी पोचलेला, काम जाणणारा माणूस त्या क्षणापासून प्रमुख असतो. हुद्दा नंतर बघायचा. बहुतेक ठिकाणी मात्र तो सरळ पाइप ओढायला लागतो किंवा पाण्यात उतरतो, आणि मागून येणाऱ्या गाड्यांना सांगणारं कोणी उरत नाही. पहिल्या मिनिटात त्यानं वायरलेसवर एवढंच बोलायचं: "मांडवीमागची गल्ली, दुमजली लाकडी घर, वरच्या मजल्यावरून धूर. आत कोणी आहे का, विचारतोय. ताबा माझ्याकडे. दुसऱ्या गाडीनं नाक्यावर थांबावं, आत येऊ नये." वीस सेकंदं लागतात. त्या वीस सेकंदांमुळे पुढचा तासभर सुटसुटीत जातो.

याच्याच पोटात दुसरी चूक असते. मोठा साहेब आला की तोच आपोआप कमांडर, असं सगळे धरून चालतात. आयआरएसमध्ये तसं नाही. जबाबदार अधिकाऱ्याचं काम कमांडरला माणसं, साधनं, परवानग्या मिळवून देण्याचं आणि त्याच्या कामावर लक्ष ठेवण्याचं आहे. साहेबांनी काठावरून बोटवाल्याला हाक मारून "आधी त्या बंगल्याकडे जा" म्हटलं, की बोटवाल्याकडे दोन हुकूम झाले. आणि ज्या गच्चीवर तो निघाला होता, तिथली म्हातारी वाट बघत राहिली. असे परस्परविरोधी हुकूम यायला लागले की थांबून एकच विचारा, "आत्ता ताबा कोणाकडे आहे?" बोटवाल्याचं उत्तर पाठ असावं: "साहेब, माझ्या टीम लीडरला सांगतो." वरिष्ठांना ताबा घ्यायचाच असेल तर जरूर घ्यावा, पण रीतसर.

ताबा देण्याची घाई

रीतसर म्हणजे समोरासमोर, शक्यतो नकाशा पुढे ठेवून. आयआरएसचा पहिला फॉर्म याच कामासाठी आहे. त्यात जागेचा नकाशा, सध्याची परिस्थिती, झालेली कारवाई आणि कोण कुठे आहे, हे येतं. फॉर्म नसला तर वहीचं पान चालेल. वडसरकडच्या एखाद्या सोसायटीत पहाटे पाळी बदलताना बोलणं असं व्हायला हवं:

"दादा, तळमजले सगळे पाण्यात. ए आणि बी विंग रिकामी केली, सी विंगमध्ये अकरा जण गच्चीवर, त्यात एक डायलिसिसचा पेशंट. दोन बोटी आहेत, एकीचं इंजिन बंद, वल्ह्यांवर चालू आहे. मागच्या भिंतीजवळ मगर दिसली, वनखात्याला कळवलं, तिकडून कोणाला पाठवू नका. विजेचा पुरवठा बंद करून घेतलाय, वेळ लिहिली आहे. आता पेशंट आधी काढायचा."

"पेशंट आधी. मागची भिंत बंद. ताबा घेतला, पाच चाळीस."

मग हे वायरलेसवर सगळ्यांना सांगायचं. फोनवर "तू बघ रे आता" म्हणून निघून गेलेल्या माणसामागे दोन प्रमुख तरी उरतात किंवा एकही नाही.

कारखान्यात याला आणखी एक पदर आहे. १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांप्रमाणे कुंपणाच्या आतला आराखडा कारखान्याचा आणि बाहेरचा जिल्हा प्रशासनाचा. नंदेसरीसारख्या कारखान्यांच्या वसाहतीत गॅस कुंपण ओलांडून गेला, तर दोघांनी एकत्र बसून एकच उद्दिष्ट ठरवायचं असतं. याला एकत्रित कमांड म्हणतात. दोन प्रमुखांनी दोन तंबूंत बसून एकमेकांना निरोप पाठवणं म्हणजे एकत्रित कमांड नव्हे.

आलेला प्रत्येक जण थेट पुढे

अरुंद गल्लीत पहिला बंब शिरला, मागे दुसरा, त्यामागे अँब्युलन्स, त्यामागे बघ्यांच्या स्कूटर. जखमीला बाहेर आणायचं तर वाटच नाही. यावर उपाय म्हणजे स्टेजिंग एरिया: घटनेपासून थोडं लांब मोकळं मैदान, जिथे येणाऱ्याची नोंद होते आणि बोलावल्यावरच तो पुढे जातो. जागा निवडताना पाणी चढलं तरी कोरडी राहील आणि वायुगळतीत वारा जिकडून येतो त्या बाजूला असेल, अशी निवडा. गाड्यांची तोंडं बाहेरच्या दिशेनं आणि ड्रायव्हर गाडीतच. पुढे गर्दी झालीच असेल तर सगळ्यांना ओरडून मागे सारू नका. आधी मागून येणाऱ्यांना नाक्यावर अडवा, मग शेवटच्या गाडीपासून एकेक काढा.

स्वयंसेवकांना हे थांबणं फार जड जातं. पोटतिडकीनं आलेल्या पोराला "इथे बस" सांगितलं की अपमान वाटतो. त्याला बसवताना कामही द्या: लाइफ जॅकेट मोजणं, पाण्याचे जार उतरवणं, येणाऱ्यांची नावं लिहिणं.

हजेरीकडे दुर्लक्ष

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

प्रश्न दोन असतात. आत अडकलेले किती? आणि आपले आत गेलेले किती? पहिल्याचं उत्तर नसेल तर शोध कधी थांबवायचा ते कळत नाही. १८ जानेवारी २०२४ ला बडोद्याच्या हरणी तलावात बोट उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. तेव्हापासून शाळांच्या सहलींना मी एकच सांगत आलोय: बोटीत किंवा बसमध्ये कोण चढलं याची यादी काठावर राहणाऱ्या माणसाकडे हवी. चढणाऱ्याच्या खिशातली यादी त्याच्याबरोबरच जाते.

कारखान्यात असेंब्ली पॉइंटवर, म्हणजे धोक्याच्या वेळी जमायच्या ठरलेल्या जागी, कायम कामगारांची हजेरी दोन मिनिटांत होते. गोंधळ होतो तो कंत्राटी कामगारांचा, टँकरच्या ड्रायव्हर-क्लीनरचा आणि चहा घेऊन आलेल्या मुलाचा. गेटवर नाव लिहिलं तरी पाळी संपताना बाहेर पडल्याची नोंद होत नाही, आणि मग यादीत सतरा, समोर पंधरा. ते दोघे घरी गेलेत की आत पडलेत, हे न कळल्यामुळे श्वसनसंच (पाठीवरचं हवेचं सिलिंडर आणि मुखवटा) लावलेली टीम विनाकारण पुन्हा आत पाठवावी लागते. यासाठी गेटवर खिळ्यांचा फळा ठेवा. आत जाताना प्रत्येकानं आपला बिल्ला अडकवायचा, बाहेर पडताना काढायचा. फळ्यावर उरले ते आत. ताबा कोणाकडेही असो, हा फळा उचलून असेंब्ली पॉइंटवर आणणं हे एका ठरावीक माणसाचं काम, आणि तो रजेवर असेल तेव्हा कोण, हेही फळ्याच्या मागे लिहिलेलं असावं.

आपल्या टीमचंही तसंच. श्वसनसंच लावून आत जाणाऱ्याचं नाव, जाण्याची वेळ आणि सिलिंडरचा दाब दाराशी बसलेल्या माणसानं लिहायचा. परत कधी बोलवायचं ते तो ठरवतो, आतला नाही. नोंद न करता पाण्यात किंवा धुरात शिरलेला मदतनीस दिसेनासा झाला, तर त्याला शोधायला आपल्याच आणखी दोघांना जावं लागतं. आकडे जुळत नसतील तर फेरमोजणी करत बसू नका. नावानं हाका मारा, आणि जो नाही त्याला शेवटचं कोणी कुठे पाहिलं, हे लगेच विचारा.

एकाच्या हाताखाली पंधरा

एका माणसानं तीन ते सातजणांना सांभाळावं, पाच असतील तर उत्तम. प्रमुखाचा फोन सतत वाजतोय आणि त्याला एकही वाक्य पुरं करता येत नाही, असं दिसलं की समजा हाताखाली माणसं जास्त झाली. मध्ये दोन टीम लीडर नेमा.

एका जागेला चार नावं

"नदीपलीकडे माणसं अडकलीत." कोणत्या पलीकडे? कामाठीबागेजवळ उभा असलेला एक अर्थ लावेल, मांडवीत बसलेला दुसरा. त्यापेक्षा "स्टेशनकडचा काठ" आणि "शहराकडचा काठ" म्हणा, आणि हे शब्द कामाला लागायच्या आधीच ठरवा. कोडवर्ड नकोत. बाहेरगावच्या टीमला तुमचा कोड कळत नाही. प्रत्येक हुकूम ऐकणाऱ्यानं परत बोलून दाखवावा, वर "पाच चाळीस" म्हणणाऱ्यानं केलं तसं.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून हुकूम देऊ नका. फोटो आणि लोकेशनसाठी तो चांगला आहे, पण तासाभरापूर्वीचा "बोट हवी" हा मेसेज फॉरवर्ड होत राहतो आणि सुटका झालेल्या घरी बोट पुन्हा जाते. मदतीची मागणी एकाच नंबरवर आणि एकाच वहीत. पूर्ण झाली की ओळ खोडून वेळ लिहा.

रात्रीचा विचार कोणीच करत नाही

सगळे समोरच्या आगीत किंवा पाण्यात गुंतलेले असतात. आजवा धरणाचं पाणी नदीत आणखी सोडणार का, अंधार पडल्यावर बोटी चालवायच्या का, सकाळपासून उभ्या असलेल्या टीमला कोण सोडवणार, हे विचारणारा एक माणूस मुद्दाम बाजूला बसवा. प्लॅनिंग म्हणजे हेच. दर पाळीसाठी एक पानी आराखडा पुरतो: या पाळीत काय साधायचं, कोण कुठे, धोके काय, संपर्क कोणाचा. आराखडा नसलेल्या ठिकाणी सकाळच्या सहाचीच माणसं रात्री बाराला बोट चालवताना दिसतात.

सुरक्षा बघणाऱ्याला काम थांबवण्याचा पूर्ण अधिकार द्या. तारा लोंबकळताहेत, भिंत कलतेय, एवढं त्यानं म्हटलं की प्रमुखाची वाट न बघता माणसं बाहेर यायला हवीत. नातेवाइकांसाठी वेगळं टेबल लावा आणि तिथे एकाच माणसानं बोलावं. मृतांचा आकडा अंदाजानं कोणीही सांगू नये. घरच्यांच्या कानावर तो आधी बातमीतून पडणं फार क्रूर असतं.

काम संपताना जे उशिरा आले ते आधी निघून जातात आणि थकलेले मागे राहतात. सोडण्याचा क्रम प्रमुखानं ठरवावा, थकलेली टीम पहिली. प्रत्येक बोट, दोर, पंप कोणाकडे परत गेला याची सही घ्या, निघणाऱ्या माणसाची वेळ लिहा आणि तो घरी पोचल्याचा फोन आल्यावरच त्याच्या नावासमोर खूण करा. वही जपून ठेवा. आठवड्याच्या आत सगळ्या खात्यांच्या आणि मंडळांच्या लोकांना एकत्र बसवून ती पहिल्या पानापासून वाचा, आणि जिथे दोन हुकूम गेले किंवा हजेरी जुळली नाही, तेवढ्याच भागाचं मॉकड्रिल पुढच्या पावसाळ्याआधी करा.