पहिल्याच दिवशी टेकापो गाठायला जाऊ नका

न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चला भाड्याची कॅम्परव्हॅन (आत झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) ताब्यात आली की सगळ्यांना लगेच लेक टेकापोला पळायचं असतं. अंतर साधारण सव्वादोनशे किलोमीटर, कागदावर तीन तास. पण विमानाचा शीण, पेंगुळलेली मुलं आणि अनोळखी धूड हाताशी असताना पहिला मुक्काम शहरातल्याच हॉलिडे पार्कमध्ये (अशा गाड्या लावून मुक्काम करायच्या जागेत) करावा, वीजजोडणीची जागा घेऊन.

गाडी देताना माणूस भराभर सांगत सुटतो. एकाने फोनवर त्याचा व्हिडिओ काढावा. डिझेलचं झाकण कुठलं आणि पिण्याच्या पाण्याचं कुठलं, हे नीट बघा. त्यात गफलत झाली तर सहलीचे तीनतेरा. गाडीची उंची चिठ्ठीवर लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवा.

मग किराणा. जेवण साधंच, खिचडी पुरे. उजेड आहे तोवर बिछाने एकदा उलगडून बघा, रात्री अंधारात त्या फळ्या जुळता जुळत नाहीत! सकाळी निघताना गॅसची टाकी बंद, विजेची केबल काढलेली, कपाटांच्या कड्या लावलेल्या. ताटल्यांमध्ये नॅपकिन घाला, नाहीतर वाटभर खणखणाट.

आणि हो, विमानतळावर लोणचं-लाडू जाहीर करा. लपवलेलं सापडलं तर जागच्या जागी 400 न्यूझीलंड डॉलर दंड.