संदेशांच्या युनिट टेस्ट लिहिण्यापूर्वीची तयारी

पायथॉनच्या एखाद्या लायब्ररीतून वापरणाऱ्यापर्यंत पोहोचणाऱ्या संदेशांच्या युनिट टेस्ट, म्हणजे कोडच्या छोट्या भागांच्या स्वयंचलित चाचण्या, लिहायला बसण्याआधी ते सारे संदेश एका जागी गोळा करावेत आणि प्रत्येकातला कोणता भाग वाचणाऱ्याच्या खरोखर कामाचा आहे, ते ठरवावे. फाइल सापडली नाही, तर कोणती फाइल आणि ती कुठे शोधली, हे त्याला कळलेच पाहिजे. ‘सापडली नाही’ऐवजी उद्या ‘मिळाली नाही’ लिहिले म्हणून चाचणी पडू नये. पायटेस्ट या चाचणी-साधनातल्या ‘रेझेस’ला (अपेक्षित त्रुटी येते का, हे पाहणाऱ्या सोयीला) दिलेला ‘मॅच’ हा मजकूर रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे काही चिन्हांना खास अर्थ असलेला शोध-नमुना, म्हणून वाचला जातो, त्यामुळे कंस आणि पूर्णविराम असलेला मजकूर आधी एस्केप करून घ्यावा, म्हणजे ती चिन्हे साधी अक्षरे म्हणून वाचली जातात.

मराठी अनुवाद असेल, तर तयारीचा मोठा वेळ त्याच्यासाठी राखून ठेवावा. ‘१ फाइल हटवली’ आणि ‘३ फायली हटवल्या’ यांत नामाबरोबर क्रियापदही बदलते, म्हणून एनगेटटेक्स्टला (अनुवाद पुरवणाऱ्या गेटटेक्स्टमधल्या, संख्येनुसार वाक्य निवडणाऱ्या फंक्शनला) सुटे शब्द न देता पूर्ण वाक्येच द्यावीत आणि ०, १, २ व एखादी मोठी संख्या घालून पाहावी. रशियनही असेल तर २१ हवेच, कारण तिथे २१ला १चेच रूप लागते.

प्लेसहोल्डरला (वाक्यात नाव भरण्यासाठी ठेवलेल्या जागेला) थेट विभक्तिप्रत्यय चिकटवलेली वाक्ये शोधून बदलावीत. नाव ‘सातारा’ आले की अशा वाक्यातून ‘सातारात’ उमटते, आणि मराठी माणूस तर ‘साताऱ्यात’ म्हणतो. ‘सातारा या फोल्डरमध्ये’ अशी रचना केली की कोणतेही नाव चालते. याच ‘साताऱ्यात’मधला ‘ऱ्या’ दोन प्रकारे टंकला जातो: ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि झेडडब्ल्यूजे हे न दिसणारे जोडचिन्ह जोडून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, तुलनेत मात्र वेगळे ठरतात आणि युनिकोडच्या एनएफसी या प्रमाणित रूपातही एक होत नाहीत. हा घोळ शोधण्यात फार वेळ जातो, म्हणून अनुवादकांशी आधीच बोलून एकच पद्धत ठरवावी.

चाचणीची भाषा यंत्राच्या सेटिंगवर न सोडता चाचणीतच नेमून द्यावी. अनुवाद नसला की गेटटेक्स्ट मूळ इंग्रजी वाक्य निमूटपणे परत देतो आणि फक्त फाइलचे नाव तपासणारी चाचणी खुशाल पास होते. तेव्हा एमओ फायली (गेटटेक्स्ट वाचतो त्या अनुवादाच्या तयार फायली) ताज्या बनवलेल्या आहेत आणि आलेला संदेश मूळ वाक्याहून वेगळा आहे, या दोन गोष्टींची तपासणी सर्वांत आधी लिहावी.